वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ चिपमधला अँटी-अलायझिंग फिल्टर

ॲनालॉग व्हिडिओ सिग्नल डिजिटल करणाऱ्या चिपमध्ये कन्व्हर्टरच्या आधी बसवल्या जाणाऱ्या फिल्टरविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कॅमेऱ्याकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये ६ मेगाहर्ट्झच्या वर चित्राची काहीच माहिती नसते आणि सॅम्पलिंग १३.५ मेगाहर्ट्झने होते. नायक्विस्टची अट (सॅम्पलिंग सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावे) पाळली जात असताना आधी फिल्टर लावण्याची गरज काय? (इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी)

उत्तर : नायक्विस्टची अट आपल्याला हव्या असलेल्या माहितीपुरती नसून कन्व्हर्टरच्या इनपुटवर जे जे पोहोचते त्या सगळ्याला लागू आहे. सॅम्पलिंगच्या निम्म्या वारंवारतेच्या, म्हणजे इथे ६.७५ मेगाहर्ट्झच्या वर जे काही असेल ते दुमडून खाली येते, यालाच अलायझिंग म्हणतात, आणि खऱ्या सिग्नलमध्ये असे मिसळते, की नंतर कोणत्याही डिजिटल प्रक्रियेने वेगळे काढता येत नाही. ९ मेगाहर्ट्झचा घटक ४.५ मेगाहर्ट्झवर दिसू लागतो. शेजारी २५ मेगाहर्ट्झचा एखादा क्रिस्टल असेल आणि त्याची थोडी गळती इनपुटमध्ये शिरत असेल, तर ती १३.५ च्या दुपटीतून, म्हणजे २७ मधून, २५ वजा जाता उरलेल्या २ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चित्राच्या ऐन मध्यात उतरते. सुमारे ५२ मायक्रोसेकंदांच्या दृश्य रेषेत त्याची शंभराहून थोडी अधिक आवर्तने बसतात, आणि पडद्यावर बारीक पट्ट्या सावकाश सरकताना दिसतात.

नॉइजची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कन्व्हर्टरच्या सॅम्पल-अँड-होल्डची, म्हणजे क्षणाचे व्होल्टेज पकडून ठेवणाऱ्या भागाची, बँडविड्थ ३०० मेगाहर्ट्झ धरली, तर तिच्यात ६.७५ मेगाहर्ट्झचे सुमारे ४४ पट्टे मावतात. आधीच्या ॲम्प्लिफायरचा नॉइज या सगळ्या पट्ट्यांत सारखा पसरलेला असेल, तर तो सगळा एकाच पट्ट्यात दुमडला जातो आणि नॉइजची पॉवर ४४ पट, म्हणजे सुमारे १६.५ डेसिबलने वाढते. त्यामुळे सिग्नल कितीही स्वच्छ असला, तरी फिल्टर लागतोच.

प्रश्न : चौकडीच्या किंवा बारीक रेघांच्या कपड्यांवर दिसणारे नागमोडी रंगीत ठसे या फिल्टरने थांबतील का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलचे आणि रेषांचे सॅम्पलिंग आधीच होऊन गेलेले असते. तिथली दुमड रोखायची, तर सेन्सरसमोर ऑप्टिकल फिल्टर लागतो. आपण ज्या फिल्टरविषयी बोलत आहोत तो एका रेषेच्या आत, म्हणजे केवळ आडव्या दिशेने काम करतो. उभ्या दिशेतल्या अलायझिंगवर त्याचा काहीच अधिकार चालत नाही. कॉम्पोझिट सिग्नलमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग एकाच तारेवर असतात तिथे, ल्यूमाचा (उजेडाचा) बारीक तपशील रंग वाहून नेणाऱ्या सबकॅरिअरजवळ आल्यामुळेही खोटे रंग उमटतात. तो दोष डीकोडरचा आहे, अलायझिंगचा नव्हे.

प्रश्न : १३.५ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगसाठी पूर्ण फिल्टर चिपवरच बसवायचा आहे. कोणता प्रकार आणि कितवी ऑर्डर निवडावी? पाठ्यपुस्तकात इलिप्टिक सर्वांत काटकसरीचा म्हटला आहे. (चिप डिझाइनमध्ये नुकतेच काम सुरू केलेले एक वाचक, याच आशयाची आणखी काही पत्रे)

उत्तर : ऑर्डर, म्हणजे फिल्टरच्या गुंतागुंतीची पायरी, ठरवण्याआधी सॅम्पलिंगचा वेग खरोखर १३.५ वरच ठेवायचा आहे का, हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब मांडला की कारण कळेल.

१९८२ साली प्रथम स्वीकारल्या गेलेल्या आणि आज बीटी.६०१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिफारशीत ल्यूमाच्या फिल्टरचा साचा दिलेला आहे : ५.७५ मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट, ६.७५ वर किमान १२ डेसिबल घट आणि ८ मेगाहर्ट्झपासून पुढे ४० डेसिबल. आपण थोडी सोपी अट घेऊ. ५.७५ मेगाहर्ट्झपर्यंत ०.१ डेसिबलपेक्षा अधिक उतार नको, आणि जी वारंवारता दुमडून याच ५.७५ वर येते तिथे, म्हणजे १३.५ वजा ५.७५ बरोबर ७.७५ मेगाहर्ट्झवर, ४० डेसिबल घट हवी. सपाट भागाची कड आणि पूर्ण घटीची कड यांच्यात जेमतेम १.३५ पटीचे अंतर उरते. एवढ्याशा जागेत ४० डेसिबल उतरायचे, तर बटरवर्थ फिल्टरला २२वी ऑर्डर लागते, चेबिशेव्हला ९वी आणि इलिप्टिकला ६वी. पाठ्यपुस्तक चुकत नाही. इलिप्टिक काटकसरीचा आहे खरा.

मात्र ही काटकसर घटीपुरतीच आहे. इलिप्टिकचे पोल (फिल्टरचे अनुनाद-बिंदू) सपाट भागाच्या कडेला अगदी चिकटून बसतात. त्यांचा क्यू (अनुनादाची धार) मोठा असतो, आणि त्या कडेजवळ ग्रुप डिले (प्रत्येक वारंवारतेला लागणारा उशीर) एकदम उसळी घेतो. आवाजाच्या बाबतीत काही नॅनोसेकंदांच्या फरकाकडे कोणी ढुंकून पाहणार नाही, पण चित्रात तो डोळ्यांना दिसतो : उभ्या काठाच्या एका बाजूला फिकट सावल्यांची रांग उमटते आणि काठ दुहेरी वाटू लागतो. तो डिले पुन्हा सपाट करायचा, तर फक्त डिले बदलणाऱ्या ऑल-पास विभागांची आणखी एक साखळी जोडावी लागते. त्या विभागांना घट नसते, पण नॉइज असतो, क्षेत्रफळ असते, वीज लागते, आणि त्यांचेही पोल फिल्टरच्या पोलांबरोबर नेमके जुळलेले असावे लागतात. सहाव्या ऑर्डरचा फिल्टर बघता बघता दहा-बारा ऑर्डरचा होऊन बसतो.

आता सॅम्पलिंग दुप्पट, म्हणजे २७ मेगाहर्ट्झ करू. ५.७५ वर दुमडणारी वारंवारता ७.७५ वरून थेट २१.२५ मेगाहर्ट्झवर सरकते, आणि त्याच अटीसाठी साधा पाचव्या ऑर्डरचा बटरवर्थ पुरतो. त्याचा तीन डेसिबलचा कोपरा, म्हणजे जिथे घट तीन डेसिबल होते ती वारंवारता, ८.४ मेगाहर्ट्झवर ठेवला, तर ५.७५ वर सुमारे ०.१ डेसिबल उतार आणि २१.२५ वर ४० डेसिबलहून किंचित अधिक घट मिळते. ५४ मेगाहर्ट्झवर गेलो तर ऑर्डरचे गणित ३.०५ येते, नियमाने चौथी ऑर्डर घ्यायला हवी, पण मी तिसरी घेऊन काही दशांश डेसिबलची उधारी आनंदाने पत्करेन. १३.५ वर उतरण्याचे उरलेले धारदार काम कन्व्हर्टरनंतरचा डिजिटल एफआयआर फिल्टर (लगतच्या सॅम्पलांची गुणांकांनी भारित बेरीज) करतो. सममित गुणांकांच्या एफआयआरचा ग्रुप डिले सर्व वारंवारतांना तंतोतंत सारखा असतो, आणि त्याची वैशिष्ट्ये तापमानाने किंवा कारखान्यातल्या फरकाने बदलत नाहीत.

याची किंमत म्हणजे दुप्पट वेगाचा कन्व्हर्टर आणि काही हजार लॉजिक गेट. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले तसतसे गेट स्वस्त झाले, पण कपॅसिटर आणि रेझिस्टर त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. कमी व्होल्टेजमुळे ॲनालॉग काम उलट अवघडच झाले. त्यामुळे जे डिजिटलला जमते ते ॲनालॉगकडून करून घेऊ नये, आणि डिजिटलला कधीच जमणार नाही तेवढेच, म्हणजे दुमड होण्याआधीची घट, ॲनालॉगकडे ठेवावे.

पाचव्या ऑर्डरचा बटरवर्थही डिलेच्या बाबतीत अगदी निर्दोष नाही. वर सांगितलेल्या फिल्टरचा डिले शून्य वारंवारतेजवळ सुमारे ६१ नॅनोसेकंद, तर ५.७५ मेगाहर्ट्झवर ८० नॅनोसेकंद भरतो. १३.५ मेगाहर्ट्झवर एक सॅम्पल ७४ नॅनोसेकंदांचे असते, म्हणजे हा फरक पाव सॅम्पलचा झाला. पाल (पीएएल) या रंगीत टीव्ही पद्धतीच्या ४.४३ मेगाहर्ट्झ सबकॅरिअरवर तो सुमारे ९ नॅनोसेकंद आहे. बहुतेक उपयोगांसाठी हे चालून जाते. जिथे चालत नाही तिथे डिजिटल एफआयआरलाच थोडा असममित करून दुरुस्ती करता येते.

प्रश्न : स्विच्ड-कपॅसिटर फिल्टरची वारंवारता क्लॉकवर आणि कपॅसिटरच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे तो फार अचूक असतो. तोच का वापरू नये?

उत्तर : कारण तो स्वतःच सॅम्पलिंग करतो. त्याच्या क्लॉकजवळच्या वारंवारता त्याच्यातच दुमडतात, म्हणून त्याच्याआधी पुन्हा एक अखंड-काल (सॅम्पलिंग न करणारा) फिल्टर हवाच. व्हिडिओच्या वेगाला त्याचे ऑपअँप फार लवकर स्थिरावावे लागतात, तेही विजेच्या दृष्टीने महागात पडते.

प्रश्न : जुन्या उपकरणांत इंडक्टर आणि कपॅसिटर यांचे फिल्टर उत्तम चालत. तेच चिपवर का आणता येत नाहीत?

उत्तर : आकारामुळे. ७५ ओहम आणि ५.७५ मेगाहर्ट्झ यांच्यासाठी २ मायक्रोहेन्रीच्या आसपासचा इंडक्टर लागतो; चिपवरच्या धातूच्या थरात काढलेला सर्पिल साधारणतः काही नॅनोहेन्रींचा असतो. हजार पटींच्या आसपासचा हा फरक भरून निघण्यासारखा नाही.

तरी त्या जुन्या फिल्टरचा गुण चिपवर आणता येतो. दोन्ही टोकांना रेझिस्टर असलेली एलसी शिडी जिथे जास्तीत जास्त पॉवर पुढे देते, तिथे एखादा घटक थोडा वर-खाली झाला तरी पॉवर वाढू शकत नाही, फक्त कमी होऊ शकते. म्हणून त्या बिंदूंवर घटकांच्या लहान फरकांचा प्रभाव पहिल्या क्रमाने शून्य असतो. एच. जे. ऑर्चर्ड यांनी १९६६ साली हा युक्तिवाद मांडला. शिडीतल्या प्रत्येक इंडक्टरचा प्रवाह आणि प्रत्येक कपॅसिटरचे व्होल्टेज एकेका इंटिग्रेटरने (इनपुटची बेरीज साठवत जाणाऱ्या मंडलाने) दाखवायचे आणि इंटिग्रेटर एकमेकांत शिडीप्रमाणेच गुंतवायचे, या लीपफ्रॉग रचनेत ती असंवेदनशीलता बऱ्याच अंशी टिकते. सुटे बायक्वाड (दुसऱ्या ऑर्डरचे विभाग) एकापुढे एक जोडणे सोपे असते आणि त्यांची चाचणीही सोपी, पण सपाटपणा ०.१ डेसिबलमध्ये राखायचा असेल तर लीपफ्रॉगचे कष्ट घ्यावेत, असे मी सुचवेन.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये कोपरा बरोबर ८.४ मेगाहर्ट्झवर येतो. प्रत्यक्ष चिपमध्ये मात्र तो एका वेफरवर ६.५ च्या जवळ, तर दुसऱ्यावर ११ च्या जवळ सापडला. चूक कुठे शोधावी?

उत्तर : बहुधा चूक नसेलच. चिपवरच्या फिल्टरचा कोपरा रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या गुणाकारावर ठरतो, आणि हे दोघे दोन वेगळ्या थरांत, दोन वेगळ्या प्रक्रियांनी बनत असल्यामुळे एकमेकांच्या चुका सावरत नाहीत. उदाहरणार्थ ५ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि ३.८ किलोओहमचा रेझिस्टर घेतला, तर ८.४ मेगाहर्ट्झ मिळतात. रेझिस्टर अधिक-उणे २० टक्के आणि कपॅसिटर अधिक-उणे १५ टक्के हलला, तर दोन्ही टोकांना कोपरा ६.१ आणि १२.३ मेगाहर्ट्झ होतो. पहिल्या टोकाला ५.७५ वर जवळजवळ २ डेसिबल उतार पडतो आणि चित्र मऊ दिसू लागते. दुसऱ्या टोकाला २१.२५ वरची घट ४० वरून २४ डेसिबलच्याही खाली येते. पत्रात दिलेले आकडे या पल्ल्यातच बसतात.

एकाच चिपवरच्या शेजारच्या घटकांचे गुणोत्तर मात्र फार अचूक असते, एक टक्क्याहून कितीतरी चांगले. म्हणून फिल्टरचा आकार बिघडत नाही, पूर्ण आलेखच डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, आणि एकच दुरुस्ती सगळ्यांना लागू करता येते. प्रत्येक कपॅसिटर हा एक स्थिर भाग आणि पाच बिटांनी निवडता येणारे तुकडे असा बनवावा. रेझिस्टर-कपॅसिटर गुणाकाराचा ०.६८ पासून १.३८ पर्यंतचा पल्ला ३१ पायऱ्यांत विभागला की एक पायरी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे उरलेली चूक अधिक-उणे सव्वा टक्का. मोजमापाची आणि तापमानाची भर घालून ती दोन टक्के धरली, तरी ५.७५ वरचा उतार ०.१२ डेसिबल आणि २१.२५ वरची घट ३९ डेसिबल राहते. हे पुरेसे आहे.

त्या पाच बिटांचा कोणता कोड वापरायचा हे ठरवण्यासाठी फिल्टरमधल्यासारखाच एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर बाजूला बांधावा, २७ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या ठरावीक चक्रांत तो कपॅसिटर किती चार्ज होतो ते तुलनाकाराने पाहावे, आणि जुळेपर्यंत कोड बदलत जावे. फिल्टरसारख्याच इंटिग्रेटरांचा ऑसिलेटर बांधून तो फेज-लॉक लूपने क्रिस्टलला बांधण्याची मास्टर-स्लेव्ह पद्धतही आहे, आणि जीएम-सी (ट्रान्सकंडक्टर आणि कपॅसिटर यांच्या) फिल्टरमध्ये ती बरीच वापरली जाते; पण तो ऑसिलेटर सतत चालू राहिला तर त्याचीच गळती चित्रात दिसण्याचा धोका असतो. डिजिटल कोड एकदा साठवून मोजमापाचे मंडल बंद करणे मला अधिक पसंत आहे. तापमानासाठी पुन्हा मोजायचे झाल्यास उभ्या ब्लँकिंगच्या (दोन चित्रांमधल्या रिकाम्या रेषांच्या) काळात मोजावे, म्हणजे कोड बदलतानाचा धक्का पडद्यावर येणार नाही.

प्रश्न : ॲक्टिव्ह-आरसी की जीएम-सी? आणि ५ पिकोफॅरडचा कपॅसिटर नॉइजच्या दृष्टीने लहान नाही का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी. खोलीच्या तापमानाला ५ पिकोफॅरडवरचा केटी/सी नॉइज (कपॅसिटरवरचा उष्णताजन्य नॉइज) सुमारे २९ मायक्रोव्होल्ट असतो. एक व्होल्ट पल्ल्याच्या दहा बिटांच्या कन्व्हर्टरचा क्वांटायझेशन नॉइज सुमारे २८० मायक्रोव्होल्ट असतो. पाच इंटिग्रेटर मोजले आणि सक्रिय घटकांसाठी नॉइजची पॉवर तिप्पट धरली, तरी बेरीज ११० मायक्रोव्होल्टच्या आसपास थांबते. व्हिडिओमध्ये कपॅसिटरचा आकार नॉइजपेक्षा जुळणीवर आणि तारांच्या परजीवी कपॅसिटन्सवर ठरतो : नोडवर ०.३ पिकोफॅरडची अनाहूत भर पडली, तर ५ पिकोफॅरडमध्ये ती सहा टक्के होते.

निवडीचा प्रश्न इंटिग्रेटरच्या फेजचा आहे; ॲक्टिव्ह-आरसीमध्ये तो ऑपअँप, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा बनतो. आदर्श इंटिग्रेटर बरोबर ९० अंश मागे असतो. ऑपअँपचा वेग अपुरा असेल तर तो थोडा अधिक मागे पडतो, आणि दोन इंटिग्रेटरांच्या वळशात ही जादा फेज क्यू वाढवते : एक भागिले नवा क्यू म्हणजे एक भागिले जुना क्यू, वजा जादा फेजची दुप्पट. केवळ एक अंश, म्हणजे ०.०१७५ रेडियन जादा धरा. बटरवर्थच्या १.६२ क्यूच्या जोडीचा क्यू १.७२ होतो आणि शिखर अर्धा डेसिबल वाढते. इलिप्टिकसारख्या धारदार फिल्टरमधल्या, क्यू दहा असलेल्या जोडीचा क्यू मात्र १५ च्या पुढे जातो आणि शिखर ३.७ डेसिबलने उसळते. कमी ऑर्डरचा, कमी क्यूचा फिल्टर चिपवर का परवडतो, ते इथे दिसते. ढोबळ हिशेबाने ८.४ मेगाहर्ट्झवर एक अंशाची चूक ४८० मेगाहर्ट्झ युनिटी-गेनच्या ऑपअँपने होते, आणि अर्धा डेसिबलही आपल्याला नकोच आहे. म्हणून एक गिगाहर्ट्झच्या पुढचा ऑपअँप घ्यावा किंवा जादा फेजची भरपाई करणारा छोटा रेझिस्टर कपॅसिटरच्या ओळीत घालावा.

जीएम-सीमध्ये फीडबॅकचा ऑपअँप नसल्यामुळे वेग सहज मिळतो, पण ट्रान्सकंडक्टरचा जीएम (व्होल्टेजमागे मिळणारा प्रवाह) सिग्नलच्या पातळीबरोबर बदलतो. सोर्स डीजनरेशनने (ट्रान्झिस्टरच्या सोर्समध्ये रेझिस्टर घालून) तो बराच सपाट होतो, आणि डिफरन्शियल रचनेत सम हार्मोनिक एकमेकांना रद्द करतात. तरीही कॉम्पोझिट सिग्नलमध्ये उरलेला बदल डिफरन्शियल गेन आणि डिफरन्शियल फेज म्हणून दिसतो, म्हणजे चित्राचा उजेड बदलला की रंगाची गडदता आणि छटा बदलते. माझा कल असा : ६ मेगाहर्ट्झच्या व्हिडिओसाठी ॲक्टिव्ह-आरसी, ७४.२५ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगच्या ३० मेगाहर्ट्झ व्हिडिओसाठी आणि त्यापुढे जीएम-सी, कारण तिथे सिग्नल कॉम्पोनंट स्वरूपात (उजेड आणि रंग वेगळ्या तारांवर) असतो आणि डिफरन्शियल फेजची चिंता उरत नाही.

प्रश्न : कॉम्पोनंट व्हिडिओमध्ये रंगाची कड काळ्या-पांढऱ्या कडेपेक्षा किंचित उजवीकडे दिसते. फिल्टरचा संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. रंगाची बँडविड्थ निम्मी म्हणून रंगाच्या दोन मार्गांवर २.७५ मेगाहर्ट्झचा फिल्टर बसवला असेल, तर त्याच आकाराच्या फिल्टरचा डिले ६१ ऐवजी १२८ नॅनोसेकंद होतो. फरक ६७ नॅनोसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण सॅम्पल. तिन्ही मार्गांवर ल्यूमाचाच फिल्टर आणि एकच सॅम्पलिंग वेग ठेवून रंगाची बँडविड्थ नंतर डिजिटलमध्ये कमी करणे, हा सर्वांत सरळ उपाय आहे. मग तिन्ही फिल्टर चिपवर शेजारी-शेजारी आखले आणि त्यांना एकच कोड दिला की डिले आपोआप जुळतात.

प्रश्न : तयार चिपमध्ये अलायझिंग किती उरले, ते कसे मोजावे?

उत्तर : मल्टिबर्स्टने (वाढत्या वारंवारतांच्या लहरींच्या गटांनी) सपाटपणा कळतो आणि २टी पल्सने (ठरावीक रुंदीच्या अरुंद स्पंदाने) डिलेचे दोष कळतात, पण या दोन्ही चाचण्या सपाट भागाच्या आतल्या आहेत, दुमडीविषयी त्या काहीच सांगत नाहीत. त्यासाठी इनपुटला थेट २२ मेगाहर्ट्झची शुद्ध साइन लहर द्यावी आणि २७ मेगाहर्ट्झवर सॅम्पल झालेल्या डेटाचा स्पेक्ट्रम काढून ५ मेगाहर्ट्झवर उगवलेल्या रेषेची उंची पाहावी. नंतरचा डिजिटल फिल्टर या रेषेला हातही लावत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती खरेच चित्र असते. हीच लहर ५ मेगाहर्ट्झवर देऊन आलेल्या उंचीशी तुलना केली की फिल्टरची खरी घट हाती येते. ती सिम्युलेशनपेक्षा बरीच कमी भरली आणि इनपुटची वारंवारता वाढवूनही सुधारली नाही, तर फिल्टरच्या ऑर्डरकडे न पाहता आधी सप्लाय आणि सब्स्ट्रेट (चिपचा सिलिकॉनचा पाया) यांमधून फिल्टरला वळसा घालून जाणारी वाट शोधावी.